मावशी, शेवटी लग्न होत नाही अशी लढाईची गोष्ट दे

गेल्या जुलैतली गोष्ट. समुद्र बंद होता, म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारीवर बंदीच असते आमच्याकडे, मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून झापांनी झाकून ठेवलेल्या, पाऊस असा की समोरचा सिंधुदुर्ग किल्ला दोन-दोन दिवस दिसत नव्हता आणि लाईटचं तर विचारूच नका. भाची आमच्याकडेच राहून शिकते, आठवीत आहे. घरातली पुस्तकं तिची वाचून संपली होती. एका संध्याकाळी इन्व्हर्टरपण संपला आणि अंधारात ती म्हणाली, मावशी, मला अशी गोष्ट दे ज्यात मुलगी लढते, खरी लढते, जादूपण असली तर चालेल, पण शेवटी तिचं लग्न होऊन गोष्ट संपायला नको.

मी म्हटलं देते की, त्यात काय.

आणि दुसऱ्या दिवशी कपाटासमोर उभी राहिले तर एक पुस्तक सापडेना. ऐतिहासिक कादंबऱ्या होत्या, झाशीच्या राणीवरच्या दोन. राणीवर माझा जीव आहे, तिच्या सासरच्या नेवाळकरांचं मूळ गाव कोट तर आमच्याच पट्ट्यात, लांजा तालुक्यात, शाळेत असताना वडिलांनी मला मुद्दाम तिथे नेलं होतं. पण ऐतिहासिक कादंबरीत शेवट आधीपासून माहीत असतो ना. पहिल्या पानावर मनू घोड्यावर बसते तेव्हाच आपल्याला १८५८ चा जून आणि ग्वाल्हेर दिसायला लागतं. भाचीला हवी होती अशी बाई जिचं पुढे काय होणार हे कोणालाच माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून मलाही तीच हवी होती.

मला ती पहिल्यांदा दिसली होती धयकाल्यात. गावची जत्रा, रात्री बारानंतर दशावतार सुरू झालेला, मी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धी झोपेत, आणि झांज वाजली म्हणून उठले तर समोर बाकड्यावर प्रमिला राणी बसलेली. स्त्रीराज्याची राणी, धर्मराजाच्या अश्वमेधाचा घोडा जिने बांधून ठेवला ती. पार्ट पुरुषच करत होता अर्थात, पण कासोटा घट्ट मारलेला, हातात तलवार, आणि अर्जुनाला तिने जे काय सुनावलं ते मी श्वास रोखून ऐकलं. मग युद्ध सुरू झालं, मृदंग चढत गेला, ती एक पाऊल मागे हटली नाही आणि ऐन रंगात आकाशवाणी झाली की हिच्याशी लग्न कर. लढाई थांबली. हार घातले गेले. मी आजीला विचारलं, जिंकला कोण? आजी म्हणाली, "आता लगीन झाला मगे जिंकाचा काय?" तेव्हापासून ही गोष्ट माझ्यात अर्धवट राहिलीय.

तर शोध सुरू केला. इथे कोणी स्वतः शोधत असेल तर एक गोष्ट आधी सांगते, "स्ट्राँग हिरोईन", "वॉरियर प्रिन्सेस" असं टाकून शोधलं की जे येतं त्यातलं निम्मं लव्हस्टोरीच असते, तलवार फक्त कव्हरवर. मी मग हिरोईन काय काम करते ते टाकून शोधायला लागले, भाडोत्री सैनिक, अंगरक्षक, दर्यावर्दी, आणि वय टाकून, चाळिशीतली, आई असलेली, आणि एकदम वेगळीच पुस्तकं वर आली. दुसरं म्हणजे फुकट सँपल मिळतं ते फोनवर उतरवून पहिलं प्रकरण वाचायचंच. ती पहिल्या प्रकरणात काय काम करतेय ते बघायचं. नुसती सुंदर दिसतेय आणि चिडलीय एवढंच असेल तर मी पुढे जात नाही.

चिडण्यावरून आठवलं, आपल्याकडे लढणारी बाई म्हटलं की शब्द तयार असतो, रणरागिणी. पेपरात बघा, ग्रामपंचायत जिंकली रणरागिणी, चोर पकडला रणरागिणी. या शब्दात राग आधीच भरलेला आहे, म्हणजे बाई लढते ती संतापून, अंगात आल्यासारखी, आणि संताप उतरला की परत घरी. मला जी आवडते ती रोज लढते कारण ते तिचं काम आहे. आमच्याकडे ओहोटीला खडकावर कालवं काढणाऱ्या बायका बघितल्यात का? माझी काकू उकिडवी बसते, डाव्या हाताने आधार, उजव्या हातातल्या लोखंडाचा एकच घाव बरोबर शिंपल्याच्या जोडावर, कालव उघडं. तिच्या बोटांवर पांढऱ्या बारीक रेघा आहेत, कापल्याच्या, मोजता येणार नाहीत इतक्या. ती कधी रागात नसते, भरती कधी फिरणार याच्याकडे तिचं लक्ष असतं. तलवारवाली बाई मला तशी हवी.

आणि तशी सापडली. बाल्सा. जपानी लेखिका नाहोको उएहाशी यांचं "मोरिबितो", मूळ पुस्तक १९९६ चं, इंग्लिशमध्ये २००८ ला आलं. बाल्सा तीस वर्षांची आहे, भाला चालवते आणि अंगरक्षक म्हणून पैसे घेऊन काम करते. पुलावरून जाताना एक राजपुत्र नदीत पडताना दिसतो आणि ती उडी मारते, झालं, सुरू. त्या मुलाच्या पोटात एका पाण्यातल्या जीवाचं अंडं आहे, बापाला तो मेलेला हवाय, आणि ही त्याला घेऊन डोंगरात पळते. लढाया अशा लिहिल्यात की प्रत्येक जखमेचा हिशोब राहतो, शिवलेली जखम पुढच्या प्रकरणात दुखतेच. तांदा नावाचा औषधं देणारा मित्र तिच्यासाठी थांबलेला आहे वर्षानुवर्षं, आणि तरी ती काय करते ते मी सांगत नाही, पण भाचीची अट पाळणारं हे पुस्तक आहे एवढं नक्की. उएहाशी या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, म्हणून त्यातलं जेवण, सण, जुन्या लोकांच्या विस्मरणात गेलेल्या कथा हे सगळं इतकं खरं वाटतं. त्यांना २०१४ ला हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, बालसाहित्यातला जगातला सगळ्यात मोठा.

भाचीचं इंग्लिश अजून अडखळतं म्हणून मी रोज रात्री वाचून मराठीत सांगायचे. त्यात मजा अशी की माझी आजी पलीकडे खाटेवर झोपल्यासारखी पडून सगळं ऐकायची.

मग रॉबिन मॅकिन्लीचं "द हिरो अँड द क्राऊन", १९८४ चं. एरिन राजाची मुलगी पण दरबारात तिला कोणी विचारत नाही. ती काय करते, बापाचा लढाईत लंगडा झालेला म्हातारा घोडा स्वतःच्या हाताने परत उभा करते आणि एका जुन्या पुस्तकात सापडलेलं आगीपासून वाचवणारं मलम करायला घेते. कृती आहे पण प्रमाण दिलेलं नाही. म्हणून करते, आगीत धरून बघते, फसतं, परत करते, किती दिवस. ड्रॅगन नंतर येतो. मला ड्रॅगनपेक्षा ते मलमच जास्त आवडलं, कारण आमच्या घरी कोकमाचं आगळ आणि मसाला याचं प्रमाण कोणी लिहून ठेवलेलं नाही, ते असंच हाताने शोधावं लागतं. हिचं पुढे लग्न होतं, भाचीला मी आधीच सांगितलं, ती म्हणाली होऊ दे, ड्रॅगन आधी मारला ना.

टॅमोरा पिअर्सची "अलाना" (१९८३) मुलगा बनून सरदारकी शिकायला जाते, जुळ्या भावाच्या जागी. हे भाचीने स्वतः वाचलं, शब्द अडला की विचारत. त्यात अलानाला पहिल्यांदा पाळी येते, ती घाबरते आणि एका बाईकडे जाऊन विचारते. भाची त्या पानावर बराच वेळ होती. काही बोलली नाही, मी पण नाही. एलिझाबेथ मून यांची पॅक्सेनॅरियन मात्र मी माझ्यासाठीच ठेवली, मेंढपाळाची मुलगी पळून जाऊन सैन्यात भरती होते, आणि लेखिका स्वतः अमेरिकन मरीनमध्ये होत्या हे कवायतीच्या पानापानात कळतं.

पण माझं खरं पुस्तक निघालं शॅनन चक्रवर्ती यांचं "द अॅडव्हेंचर्स ऑफ अमीना अल-सिराफी", २०२३ चं. बाराव्या शतकातली दर्यावर्दी, एके काळी चाचेगिरीत नावाजलेली, आता चाळिशी पार, मुलगी लहान, गुडघा दुखतो. आईबरोबर लपून राहतेय आणि एक श्रीमंत म्हातारी दारात येते, माझी हरवलेली नात शोधून दे. जुनी माणसं गोळा करायची, जुनं गलबत बाहेर काढायचं, निघायचं. राक्षस, जादू, सगळं आहे, पण समुद्र आपला आहे. हाच अरबी समुद्र, हेच मोसमी वारे, ज्यांच्यामुळे तेव्हा आमच्या होड्या वर ओढलेल्या होत्या.

अमीनाला सगळे नाखुदा म्हणतात. मी तो शब्द वाचला आणि थांबले, कारण हा तर आपला नाखवा! फारसी नाव-खुदा, जहाजाचा मालक, तोच घासून घासून आपल्या किनाऱ्यावर आलाय. मालवणात आम्ही तांडेल जास्त म्हणतो पण वर रायगडकडे कोळीवाड्यात नाखवाच. भाचीला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, मग अमीना नाखवीण का? आता पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, तशी नाखवीण म्हणजे नाखव्याची बायको. मी दोन दिवस विचार केला आणि गोष्ट सांगताना नाखवाच म्हणायला लागले, "अमीना नाखवा म्हणाली, शीड उघडा." पहिल्यांदा कानाला खटकलं, तिसऱ्या रात्री खटकायचं बंद झालं.

हे मोठ्यांचं पुस्तक आहे, सगळं आठवीतल्या मुलीसाठी नाही, म्हणून मी निवडून सांगत होते. अमीना मुलीला मागे ठेवून निघते त्या रात्री पलीकडून आवाज आला, आजीचा. "मगे तिच्या पोराक कोण बघता?"

"तिची आवस," मी म्हटलं.

"मगे बरां."

त्यानंतर आजीने झोपल्यासारखं करणं सोडूनच दिलं. तिचेही दोन्ही गुडघे गेलेत, पायरी उतरताना भिंत धरते. तुळशीपुढे दिवा लावून आत आली की खाटेवर बसून पाय लांब करायची, तेलाची बाटली काढायची आणि विचारायची, "ती गुडघेदुखीवाली खंय पोचली गो?"

"सोकोत्राक, आजी."

"ता खंय इला?"

"आपल्याच दर्यात. सरळ पल्याड, एडनच्या अलीकडे."

आजी गुडघ्यावर तेल चोळत राहिली, चोळता चोळता दाराकडे बघितलं, बाहेर पावसात समुद्राचा नुसता आवाज येत होता. "वाच फुडे," म्हणाली.