‘रोल जमले की पाठवतो’ : जुना फिल्म कॅमेरा घेतानाचा माझा अनुभव

कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरवायला मला फारसा वेळ लागला नाही. ठरवलेला कॅमेरा धड आहे की नाही, हे कळायला जो वेळ गेला त्याचा राग मात्र अजून उतरलेला नाही. गोव्यात बसून कोणी जुना, आटोपशीर ३५ मिमी फिल्म कॅमेरा शोधत असेल, तर त्याचे तरी काही आठवडे वाचावेत म्हणून लिहितोय.

निवडीचं आधी उरकतो. मला रायबंदरच्या फेरीबोटीत, जत्रेत, दिवेलागणीला अंगणात वापरता येईल असा लहान कॅमेरा हवा होता. सगळ्यांनी पहिलं नाव सांगितलं ते ऑलिंपस म्यू टू. १९९७ सालचा, ३५ मिमी एफ २.८ लेन्सचा (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त), खिशात सहज राहणारा. फोटो सुरेख येतात, वाद नाही. पण तो आतून सगळा इलेक्ट्रॉनिक. आपल्याकडच्या पावसाळ्यात सर्किटने मान टाकली की दुरुस्त करणारा म्हणतो, सुटा भाग कुठून आणू? शिवाय गेल्या काही वर्षांत त्याच्या किमती अशा चढल्यात की ‘आवडला म्हणून घेतला’ असं म्हणायची सोय राहिली नाही. तो बाद. ऑलिंपस एक्सएवर मन गेलं होतं. ऑलिंपसचे डिझायनर योशिहिसा मायतानींनी घडवलेला हा १९७९ चा कॅमेरा तळहातात बसतो आणि तरी खरा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) आहे. पण शटर त्याचंही बॅटरीवरच चालतं. तोही बाद.

मला सगळ्यात जास्त दाखवले गेले ते यशिका इलेक्ट्रो ३५. कोणाच्या काकांनी आखातातून आणलेला, कोणाच्या वडिलांनी जहाजावरून उतरताना घेतलेला. दणकट आहे, एफ १.७ ची लेन्स झकास आहे, पण आकाराने तो ‘कॉम्पॅक्ट’ नव्हे, चांगलाच आडदांड. कोणी घेणारच असेल तर फिल्म पुढे ओढायचा खटका फिरवताना कान द्या. आतून ठळक ‘टक्’ असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर आतली रबराची छोटी गादी झिजून गेलेली असते आणि एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, भलताच येतो.

शेवटी उरले दोन, ऑलिंपस ट्रिप ३५ आणि कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री. ट्रिप १९६७ ते १९८४ पर्यंत बनत होता आणि एक कोटीच्या वर खपला. लेन्सभोवतालच्या, उजेडावर वीज तयार करणाऱ्या सेलेनियमच्या पट्टीवर त्याचा उजेड मोजणारा मीटर चालतो, बॅटरीच नाही. तपासायलाही सोपा. रिंग ‘ए’ (ऑटो) वर ठेवून लेन्स तळहाताने झाका आणि बटण दाबा. खिडकीत लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं तर ठीक. लख्ख उन्हातही लाल पट्टी येत असेल तर सेलेनियम संपलं, नमस्कार करून निघा. पण त्याला शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२००, आणि लेन्स एफ २.८. भर दुपारी समुद्रावर उत्तम, दिवेलागणीला कुचकामी.

कॅनोनेटच्या बाजूने मी का गेलो ते सांगतो. १९७२ चं मॉडेल, ४० मिमी एफ १.७, १/४ ते १/५०० सेकंद आणि शिवाय बी (बटण दाबून धरलं तोवर शटर उघडं). शटर पूर्ण यांत्रिक. बॅटरी मेली तर फक्त मीटर जातो, कॅमेरा जात नाही. घासाघीस करणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. ॲपर्चरची (लेन्समधलं भोक लहानमोठं करायची) रिंग ‘ए’ वर असताना बॅटरी नसली की याचं शटर अडून राहतं. त्यामुळे विकणाऱ्याला स्वतःलाच वाटतं की कॅमेरा बंद पडलाय. रिंग ‘ए’ वरून एफ १.७ वर आणा, बरेचदा खट्कन चालतो. हे विकणाऱ्याला कधी सांगायचं ते तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीवर. मी पैसे ठरायच्या आधी सांगितलं.

माझा कॅनोनेट मडगावला सापडला. कुवेतला नोकरी केलेल्या एका गृहस्थांचा, विकत होता त्यांचा पुतण्या. चामड्याच्या कव्हरात कपाटात ठेवलेला. (चामड्याचं कव्हर पाहून हरखू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि लेन्सला बुरशी तिथेच लागते. मी ते कव्हर फुकटसुद्धा घेतलं नाही.) टॉर्च घेऊन गेलो होतो. मागचं झाकण उघडलं, शटर बी वर, ॲपर्चर एफ १.७ वर, आणि बटण दाबून धरून मागून उजेड टाकला. धुळीचे चार कण दिसले तर काळजी नको. कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. वरवरची असेल तर निघते, काचेवरचा थर खाल्लेला असेल तर नाही. इथे काच स्वच्छ होती. १/४ वर शटरची झिर्रर्र ऐकली, पाती तेलाने चिकटलेली नव्हती. मग फिल्म बसते त्या जागी मळकट पांढरी, लिहिता येणारी चिकटपट्टी ताणून लावली, शटर बी वर उघडं ठेवलं, लेन्स अनंतावर, आणि गच्चीवरून दूरच्या चर्चचा क्रूस पट्टीवर उमटलेला पाहिला. अगदी रेखीव. पुतण्या म्हणाला, “इतकं तर काकांनीपण कधी बघितलं नसेल.”

एवढं करूनही तीन गोष्टी फिल्म घातल्याशिवाय कळत नाहीत. झाकणाच्या फटीतून उजेड आत येतो का, फिल्म पुढे सरकताना फ्रेमवर फ्रेम चढते का किंवा ओरखडे उठतात का, आणि मीटर खरं बोलतो का. याच्या झाकणाच्या खाचांतला फोम वितळून डांबरासारखा झाला होता, म्हणजे पहिली शंका तर उघडच होती. मी अनामत रक्कम ठेवून एक रोल काढून पाहतो म्हटलं. पुतण्या बिचारा तयार झाला. एकच अट, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत काय ते सांगायचं, नंतर दुसरं गिऱ्हाईक आहे.

कोडॅक गोल्ड २०० चा रोल घातला आणि कांपालच्या नदीकाठी गेलो. पलीकडचा रेइश मागूशचा किल्ला अनंतासाठी, अटल सेतूच्या केबली बारीक रेषांसाठी, एक मीटरवर ठेवलेली फूटपट्टी जवळच्या फोकससाठी. मधून मधून कॅमेऱ्याची पाठ मुद्दाम उन्हाकडे धरून ठेवली, फटी असतील तर त्यांना पुरेपूर संधी द्यायची म्हणून. रोल संपला आणि मी तो एका स्टुडिओत नेऊन दिला.

त्या स्टुडिओच्या पाटीवर ‘फिल्म डेव्हलपिंग’ अशी अक्षरं अजून आहेत. आत यंत्र नाही. रोल मुंबईला जातो, हे पैसे भरल्यावर कळलं. तेही चाललं असतं. पण तो जातो कधी?

“रोल जमले की पाठवतो,” मालक म्हणाले.

“किती जमले की?”

“धा तरी जमूंक जाय मरे. एकासाठी कुरिअरचा खर्च परवडत नाही.”

“आता किती आहेत?”

त्यांनी खण उघडला. माझा धरून तीन. बाकीच्या दोनांपैकी एकाच्या पाकिटावरची शाई उडायला आली होती.

मी म्हटलं, कुरिअरचा अख्खा खर्च मी देतो. ते म्हणाले, मग ‘अर्जंट’चा दर लागेल. तो दिला. पुढच्या आठवड्यात विचारलं तर रोल खणातच. अर्जंट म्हणजे काय, तर दहा जमले की त्यात माझा सगळ्यात वर ठेवणार! मी फोंड्याहून कामावरून सुटून कदंब बस पकडून यायचो. स्टुडिओ दुपारी एक ते चार बंद, ते समजू शकतो, सगळ्या गोव्याला दुपारची झोप लागते. पण चारनंतर गेलं की मालक लग्नाच्या अल्बमात बुडालेले, आणि पोरगा म्हणायचा, “भाई फाल्यां (उद्या) येतले.” भाई समोर बसलेले असायचे.

रोल परत मागितला, तर पावती मुंबईच्या नावाने झालीय म्हणे. खणात पडलेल्या रोलची पावती मुंबईच्या नावाने कशी होते, हे मी आजही सांगू शकणार नाही. बाहेर पाऊस धो धो, खणात काढून झालेला रोल, आणि तिकडे मडगावहून मेसेज, “दादा, काय ठरलं?” बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान यायला लागलं तरी माझ्याकडे ना कॅमेरा माझा, ना फोटो. वैताग याचा नाही की गोव्यात रोल धुऊन मिळत नाही. एवढ्याशा राज्यात फिल्म काढणारे आहेत किती, यंत्र चालवणं कोणाला परवडणार! वैताग याचा की ‘आम्ही पाठवत नाही’ हे तीन शब्द कोणी पहिल्याच दिवशी म्हटले नाहीत. म्हटले असते तर मी स्वतःच मुंबईला कुरिअर केला असता. म्हणून कुठेही रोल देताना दोन प्रश्न आधी विचारा. इथे धुता की बाहेर पाठवता? आणि पाठवता तर कोणत्या वारी? वार सांगता येत नसेल तर रोल खिशातून काढू नका. तिसरा प्रश्न निगेटिव्हचा, त्याबद्दल पुढे.

शेवटी मी मार्ग बदलला, आणि याचा मला थोडा अभिमान आहे. चाचणीचा रोल रंगीत असायची गरजच नसते. कृष्णधवल फिल्म घरी धुता येते, डार्करूमही लागत नाही. रोल टाकीत भरेपर्यंत काय तो मिट्ट काळोख हवा. इल्फोर्ड एचपी५ चा रोल घेतला, मिरामारला एका संध्याकाळीच संपवला. रात्री बाथरूमच्या फटींना टॉवेल लावून फिल्म चकरीवर चढवली. डी-७६ हे डेव्हलपर रसायन एकास एक पाण्यात, २० अंशांना ११ मिनिटं, असं गणित आहे. अडचण २० अंशांची. आमच्या नळाचं पाणी तेवढं गार कधीच नसतं, आणि रसायन गरम असलं की वेळ कमी करावा लागतो, फिल्म एकसारखी धुतली जात नाही. टबात पाणी घेतलं, फ्रीजमधला सगळा बर्फ त्यात ओतला आणि रसायनाच्या बाटल्या त्यात उभ्या केल्या. आईने सकाळी विचारलं, सोलकढीत घालायचा बर्फ कुठे गेला?

निगेटिव्ह उजेडाला धरल्याबरोबर निकाल कळला. स्कॅनची गरजच नव्हती. किल्ला रेखीव, फूटपट्टीवरचे आकडे वाचता येत होते, फ्रेममधलं अंतर सारखं, ओरखडे नाहीत. पण बिजागरीच्या बाजूला काही फ्रेमवर काळा पट्टा. आता हे कसं ओळखायचं? उजेड लेन्समधून आला असेल तर पट्टा फ्रेमच्या चौकटीतच थांबतो. झाकणातून आला असेल तर तो चौकट ओलांडून फिल्मच्या कडेवर, भोकांच्या रांगेवरही पसरतो. माझा कडेपर्यंत गेला होता, म्हणजे दोष फोमचा, लेन्सचा नव्हे. आणि फोम म्हणजे घरी बसून होणारं काम आहे. जुना चिकट चिखल आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने खरवडायचा, बारीक खाचांत काळी लोकर दाबायची, बिजागरीपाशी पातळ काळा फोम चिकटवायचा. खरवडताना शटरच्या पात्यांवर कागद झाका, एक कण आत गेला तरी डोकेदुखी.

निगेटिव्ह घेऊनच मडगावला गेलो. पट्टा दाखवला, तो कशामुळे तेही सांगितलं. पुतण्याने स्वतःहून किंमत उतरवली. चवथीच्या आदल्या संध्याकाळी व्यवहार झाला. त्याच्या काकांनी आतल्या खोलीतून हाक मारून एवढंच विचारलं, “सेल मिळतो काय रे त्याचा?”

मिळत नाही. त्यात १.३५ व्होल्टचा पीएक्स६२५ हा पाऱ्याचा सेल लागायचा, तो आता बनत नाही. त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन बसतो, पण मीटरला उजेड आहे त्याहून जास्त भासतो आणि फोटो काळपट येतात. मी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल वापरतो. व्होल्टेज जवळपास जुळतं, मेडिकलमध्ये मिळतो, भोवतीची मोकळी जागा रबराच्या रिंगने भरायची. स्टिकर काढला की तो वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. म्हणून जत्रेला निघतानाच काढावा.

तो रंगीत रोल दिवाळी उलटल्यावर आला. फोनवर बघायच्याही लायकीचे नाहीत एवढे बारके स्कॅन, आणि निगेटिव्ह नाहीत. “कोण नेत नाही, म्हणून लॅबवाले टाकून देतात,” इति भाई. तर तिसरा प्रश्न हा, निगेटिव्ह परत मिळणार का, आणि तसं पाकिटावर स्वतःच्या हाताने लिहा. ‘अर्जंट’चे पैसे मी परत मागितले. ते म्हणाले, पुढच्या रोलात वळते करतो.

कॅमेरा आता हवाबंद डब्यात असतो, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. जून ते सप्टेंबर जेल वरचेवर ओव्हनमध्ये सुकवावं लागतं, दाणे रंग बदलले की समजायचं. रंगीत रोल मी आता स्वतः मुंबईला कुरिअर करतो, सोमवारी, म्हणजे शनिवार-रविवार कुठल्या गोदामात पडून राहत नाही.