जिप्सी किंग: चिखलानंतरची ऑईलगळती आणि बुजलेला ब्रीदर

गाडी मारुती जिप्सी किंग, १९९८ची. कार्बोरेटरवालं, आठ व्हॉल्व्हचं १२९८ सीसी जी१३बीए इंजिन. पुढे-मागे सॉलिड ॲक्सल, चारही बाजूंना पाटे. रबराचे बरेचसे भाग अजून मूळचेच आहेत. जुलैत शाहूवाडीकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक रानात भरपूर चिखल तुडवला, चढही चढलो, आणि नंतर गाडीखाली दोन ठिकाणी ऑईल दिसायला लागलं. एक, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं बेल हाउसिंगच्या तळाशी. दुसरं, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, नकलच्या (ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा) गोळ्यावरून रिमवर ओघळलेला काळा-करडा चिकटा.

बेल हाउसिंगखाली थेंब म्हटलं की ज्याला विचारावं तो एकच उत्तर देतो: क्रँकचं मागचं सील गेलं. ते बदलायचं म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा, गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच-फ्लायव्हील काढायचं. आमच्या मिस्त्रीमामांना फोन केला तर ते म्हणाले, "दादा, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते सील निघत नाही हे खरं. पण तिथूनच येतंय हे बघितलं कुणी?" मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. ऑईल खाली ठिबकतं, पुढं गेलं की वाऱ्यानं मागं पसरतं, आणि चिखलाचा थर असला की त्यात मुरून भलत्याच जागी बाहेर येतं. थेंब पडतो ती जागा आणि ऑईल सुटतं ती जागा एकच असेल असं कधीच धरून चालू नये. म्हणून ठरवलं, डोळ्यांनी उगम दिसल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही.

आधी धुणं. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाहूवाडीचा लाल चिखल जांभ्याचा, त्यात रवाळ कण जास्त. सुकला तरी ब्रशनं निघतो, पण सीलच्या कडेला पॉलिश पेपरसारखा घासतो. शिरोळकडची काळी माती याच्या उलट. ओली असताना फुगते, सुकली की आकसून घट्ट बसते आणि खाचेतून खरवडूनच काढावी लागते. माझ्या गाडीखाली दोन्ही होत्या, कारण त्याआधी नदीकाठच्या रानातही फेरी झाली होती. लाकडाच्या पट्टीनं आणि जुन्या पेंट ब्रशनं थर काढला, डिग्रीझर मारून मुरू दिला, मग साध्या पाइपनं धुतलं. प्रेशर वॉशर नकल, हबची सीलं, पिनियन सील आणि डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग) यांच्या जवळही नेऊ नका. त्या धारेनं सीलची कड उलटते, पाणी आणि वाळू आत जाते, आणि जी गळती नव्हती ती तयार होते. धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं खाचा कोरड्या केल्या आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी खाली पांढरे पुठ्ठे अंथरले आणि चाकांच्या जागांच्या खुणा केल्या, म्हणजे कुठला डाग कशाखालचा ते नंतर सांगता येतं. बेल हाउसिंगखालचा डाग पातळ, तपकिरी-काळा, वास जळकट: इंजिन ऑईल. गिअर ऑईल असतं तर ते दाट आणि चिवट असतं, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. दातांवर दाब आला तरी थर टिकावा म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात, त्यांचाच तो वास. बेल हाउसिंगमधून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सीलही गळू शकतं, म्हणून हा फरक पहिल्यांदा करायचा. चाकाकडचा डाग मात्र बोटानं चोळून नाकाशी नेला आणि शंका उरली नाही. ९० नंबरचं गिअर ऑईल, त्यात विरघळलेलं ग्रीस.

इंजिनाकडे वळलो. नियम एकच: वरून खाली बघत यायचं. टॅपेट कव्हरच्या कडेला, हेडच्या मागच्या बाजूला, ब्लॉकच्या पाठीवर आणि बेल हाउसिंगच्या माथ्यावर बेबी पावडरचा पातळ हात दिला. इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालू ठेवलं. सपाट जमिनीवर काहीच नाही. मग पुढची चाकं रॅम्पवर चढवून नाक वर केलं, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना ओंडके लावले, आणि पुन्हा चालू ठेवलं. थोड्या वेळानं हेडच्या मागं, डिस्ट्रिब्युटर जिथं बसतो त्या केसच्या खाली पावडर काळी पडायला लागली. तिथून बारीक रेघ ब्लॉकच्या पाठीवरून उतरून बेल हाउसिंगच्या माथ्यावर गेली, तिथून कडेनं तळाशी. मागचं क्रँक सील आणि चेंबरची (इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीची) मागची कड कोरडी. आरसा आणि टॉर्च लावून पुन्हापुन्हा बघितलं, व्हिडिओही काढून ठेवला.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला, कॅमशाफ्टवरच्या गिअरनं फिरतो. इंजिन लांबीत उभं बसलेलं असल्यानं गाडी चढावर गेली की हेडमधलं ऑईल मागं सरकतं आणि नेमकं त्याच केसपाशी साचतं. फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या हळू गिअरमध्ये), वरच्या आरपीएमवर, नाक वर करून बराच वेळ चढलं की तिथं ऑईल उभं राहतं. सपाट रस्त्यावर महिनोन् महिने कोरडी राहणारी गाडी ऑफरोडिंगनंतर का गळते, याचं उत्तर माझ्या मते यातच आहे. हायवेवर फिरवून "गळत नाही" असं ठरवणाऱ्यांनी एकदा रॅम्पवर नाक वर करून बघावं.

पण डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग (गोल रबरी कडी) बदलून मोकळं व्हायला मी तयार नव्हतो. रबर जुनं होऊन कडक झालंय हे खरं, तरी आतून दाब असेल तर नवं रबरही फार दिवस तग धरत नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर जाऊ देणारी झडप, काढून कानाशी हलवला, आवाजच नाही. आत काजळी आणि ऑईलचा राळेसारखा गोळा बसला होता. पिस्टनच्या बाजूनं खाली उतरणारा वायू बाहेर पडायचा मार्गच अरुंद झाला की तो क्रँककेसमध्ये साठतो आणि सगळ्यात अशक्त जागेतून ऑईल बाहेर ढकलतो. नवा व्हॉल्व्ह टाकला, टॅपेट कव्हरपासूनची रबरी नळी फुगून मऊ झाली होती ती बदलली, आणि आयडलवर व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावून ओढ लागते याची खात्री केली.

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणून रोटरची दिशा आणि बॉडीची जागा पंचनं आणि पेंटनं खुणावून घेतली. जुनी ओ-रिंग वाकवताच तुटली. केसही उतरवली, जुनं पॅकिंग ब्लेडनं नीट खरवडलं, नवं बसवलं. केस पुन्हा चढवल्यावर त्यात थोडं इंजिन ऑईल ओतायला विसरू नका, नाहीतर सुरुवातीला गिअर कोरडे फिरतात. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग जुळवलं. इंजिनाचं काम एवढंच. गिअरबॉक्स जिथल्या तिथं राहिला.

आता पुढचं चाक, आणि या नोंदीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

जिप्सीच्या पुढच्या ॲक्सलला दोन्ही टोकांना बंद नकल असते. आत सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा, ग्रीसमध्ये फिरतो, बाहेर फेल्ट आणि रबराच्या कड्या गोळा पुसत राहतात. ॲक्सलच्या हाउसिंगमधलं गिअर ऑईल आणि नकलमधलं ग्रीस वेगळं ठेवायचं काम आतल्या ॲक्सल सीलचं. ते सील हरलं की ऑईल नकलमध्ये उतरतं, ग्रीस पातळ करतं, आणि फेल्टमधून चिकटा बाहेर येतो. बरेच जण इथं फेल्टचा किट बदलतात. बाहेरून स्वच्छ दिसतं, पण नकल ऑईलनं भरत राहते.

सील का हरलं? हाउसिंगवरचा ब्रीदर शोधला तर तिथं फक्त काळ्या मातीचा टणक गोळा. सुईनं टोचून फोडला, टोपी हलवली, आणि आतून फुस्स करून हवा सुटली. मूळ ब्रीदर म्हणजे डोक्यावर हलती टोपी असलेली छोटी नळी. ॲक्सल तापला की आतली हवा बाहेर जाऊ द्यायची, बाहेरचा चिखल अडवायचा. तो बुजला की काय होतं याचा हिशोब सोपा आहे. ३० अंशांची हवा बंद जागेत ८० अंशांवर गेली की दाब सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दोन-अडीच पीएसआय. ॲक्सलचं सील दोन्ही बाजूंना जवळपास सारखा दाब धरून बनवलेलं असतं. हा जोर त्याच्या कडेवर रोज पडला की ऑईल वाट काढतंच. उलट बाजूही तितकीच वाईट. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की ८० अंशांची हवा ३० अंशांवर येताना सुमारे १४ टक्के आकसते, आत ओढ निर्माण होते, आणि सीलच्या कडेनं पाणी आत खेचलं जातं. माझ्या पुढच्या हाउसिंगचं ऑईल काढलं तेव्हा ते दुधाळ होतं. क्राऊन-पिनियनच्या दातांवर गंज नव्हता, एवढं समाधान.

काम क्रमानं: चाक, कॅलिपर, हब, स्पिंडल, मग ॲक्सल जॉइंटसकट बाहेर. जुनं सील हुकनं ओढून काढलं. शाफ्टवर सील घासतं त्या पट्ट्यावर नखाला खाच लागते का ते बघितलं. लागत नव्हती, म्हणून शाफ्ट तोच. नव्या सीलच्या कडेला ऑईल लावून बसवलं, आणि शाफ्ट आत घालताना त्याचं वजन सीलवर येऊ दिलं नाही. इथंच नवं सील फाटतं. सीव्ही जॉइंट डिझेलनं धुऊन पूर्ण सुकवला, मोलिब्डेनम ग्रीस हातानं दाबून भरलं, फेल्टचा किटही नवा टाकला. हाउसिंग स्वस्त ऑईलनं धुऊन रिकामं केलं आणि जीएल-५ दर्जाचं (गिअर ऑईलची एक प्रतवारी) नवं भरलं. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-५ आंधळेपणानं ओतू नका. सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी कड्यांना त्यातली काही रसायनं मानवत नाहीत, तिथं जीएल-४.

ब्रीदरचा कायमचा बंदोबस्त असा केला. जुना ब्रीदर नमुना म्हणून उद्यमनगरात लेथवाल्याकडे नेला आणि त्याच आट्यांचे पितळी निपल करून घेतले. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा आहे. असलं काम हातासरशी होतं. निपलवरून ऑईलला टिकणारी नळी काढून पुढचं आणि मागचं दोन्ही हाउसिंग, शिवाय ट्रान्सफर केस (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणारी पेटी), यांच्या नळ्या बॉनेटखाली फायरवॉलच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत आणल्या. टोकाला उलट्या तोंडाचा छोटा पेट्रोल फिल्टर. नळीला ॲक्सलच्या वरखाली हालचालीइतका ढील ठेवला, सायलेन्सरपासून लांब बांधली, आणि मध्ये कुठेही पोट पडू दिलं नाही, कारण पोटात पाणी साचलं की नळी पुन्हा बंद. ही नळी चिखलात जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हवीच, असं माझं ठाम मत आहे. खर्च नव्या सीलच्या आसपास, आणि सीलं वाचतात ती सगळीच.

काढलेलं ऑईल कॅनमध्ये भरून ठेवलंय, वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायला. गळती गाडी घेऊन ओढ्यात उतरायचं नाही हेही आमच्या ग्रुपमध्ये आता ठरलंय. ज्या पाण्यात आपण चाकं घालतो ते खाली कुणाच्या तरी भाताच्या खाचरात जातं.

सध्याची स्थिती: पन्हाळ्याचा चढ, त्यानंतर पुन्हा त्याच रानातला चिखल. दोन्हीनंतर पुठ्ठे कोरडे. बेल हाउसिंगच्या माथ्यावर पुन्हा पावडर मारून ठेवली होती, ती पांढरीच आहे. पुढच्या हाउसिंगचं ऑईल थोडं काढून बघितलं. किंचित धूसर आहे, म्हणजे आधीचं पाणी अजून निघतंय, तेव्हा लवकरच परत बदलणार. ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुट सीलला ओल दिसते, पण थेंब धरत नाही. ब्रीदर मोकळा झाल्यावर ती आपोआप थांबते का हे बघायचंय, म्हणून तिला हात लावलेला नाही. गणपतीआधी मागचे ब्रेक ड्रम उघडणार आहे. त्या ॲक्सललाही तोच दाब सोसावा लागला असणार, आणि तिथलं सील गळलं तर ऑईल थेट ब्रेक लायनरवर जातं.