रानहंसाचं पीस आणि नऊ बैलांचा एक केस

हाँगकाँगच्या मंडईत दोन डॉलर सुटे कमी पडले, तर भाजीवाली हात झटकून कँटोनीजमध्ये म्हणते, 'सप सप सोय'. किरकोळ आहे, राहू द्या. पण निबंधात किंवा श्रद्धांजलीच्या भाषणात हलकेपणासाठी भारदस्त शब्द येतात: 'हिंग यू हुंग मोउ', रानहंसाच्या पिसाहून हलकं. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते माझ्याकडून घोटून घेतलं. पहिली दोन अक्षरं वरच्या पट्टीत सपाट धरायची, पुढच्या दोन अक्षरांना आवाज खाली सोडायचा.

मूळ वाक्य आहे ते मरणाबद्दल. मरण कुणाला चुकलेलं नाही. कुणाचं थायशान पर्वताहून जड, कुणाचं रानहंसाच्या पिसाहून हलकं. लिहिणारा चीनच्या हान राजवटीच्या काळातला इतिहासकार सिमा छ्येन. इ.स.पू. 99 मध्ये सेनापती ली लिंग शत्रूला शरण गेला. अख्खा दरबार त्याच्यावर तुटून पडला, तेव्हा सिमा छ्येन एकटा त्याच्या बाजूने बोलला आणि सम्राट वू खवळला. पैसे भरून शिक्षा टळली असती, पण घरात तेवढे नव्हते आणि मित्रांपैकी कुणी पुढे आलं नाही. अशा वेळी मानी माणसाने जीव द्यायचा. त्याने खच्चीकरणाची शिक्षा पत्करली, कारण वडिलांनी मरताना सोपवलेला इतिहास अर्धवट होता.

पुढे मृत्युदंडाच्या छायेत असलेल्या रन आन या मित्राला त्याने पत्रात हे सगळं सांगितलं. तेव्हा मेलो असतो, तर नऊ बैलांच्या अंगावरचा एक केस गळावा इतकंच झालं असतं; मुंगीच्या मरणात आणि माझ्या मरणात लोकांनी काय फरक केला असता?

हा 'नऊ बैलांचा एक केस' इथे आजही सर्रास ऐकू येतो. बड्या कंपनीला दंड झाला की लोक म्हणतात, त्यांना काय, 'काउ ङाउ यात मोउ'. पैशाचा हिशेब म्हणून ते चपखल आहे. पण पत्र वाचल्यापासून ते शब्द कानावर पडले की मला आधी तो माणूस आठवतो. इतकी विटंबना सोसून त्याने 130 प्रकरणांचा इतिहास पुरा केला. त्यातला सेनापती ल्येन फो आणि मंत्री लिन श्यांगरू यांच्या चरित्राचा उतारा हाँगकाँगच्या वरच्या वर्गांना नेमलेला आहे, आणि बहुतेक मुलं तो कँटोनीज उच्चारात वाचतात. बाईंनी तो वर्षानुवर्षं शिकवला. त्यातली वाक्यंच्या वाक्यं त्यांना अजून पाठ आहेत.