पर्यटकांनी निघावं, एवढंच सांगितलं होतं

काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही. त्यामुळे २ ऑगस्ट २०१९च्या शुक्रवारी संध्याकाळी मी टूर मॅनेजर म्हणून नेलेल्या ग्रुपमधल्या बहुतेकांच्या घरचे फोन माझ्या एकट्याच्या पोस्टपेडवर येत होते. राज्याच्या गृहखात्याने सूचना काढली होती : अमरनाथ यात्रेवर हल्ल्याची खबर आहे, यात्रेकरूंनी आणि पर्यटकांनी मुक्काम आवरून लवकरात लवकर परतावं. कसं परतायचं, ते ज्याचं त्याने बघायचं. टीव्हीवाले इतके ओरडत होते की ठाण्याहून एक सून रडतच बोलत होती. तिचे सासरे माझ्यासमोर वरणभात जेवत होते.

विमान कंपन्यांनी तारीख बदलायचे पैसे माफ केले, पण जागा कुठे होती? ऑफिसातून निरोप एकच, 'पॅनिक होऊ देऊ नका.' रात्रभर मी तिकिटं तुकड्यातुकड्यांनी बदलत बसलो. नवरा-बायकोची ताटातूट मात्र होऊ दिली नाही.

श्रीनगर विमानतळाची तऱ्हा वेगळी. टर्मिनलच्या बरंच अलीकडे, ड्रॉप गेटवर, गाडीतलं सगळं सामान उतरवून स्कॅन होतं. तेव्हा चेक-इन झाल्यावरही विमानात चढण्याआधी आपली बॅग आपण ओळखून दाखवायची, नाहीतर ती खालीच राहायची. टूर कंपनीचे टॅग सगळ्यांचे सारखे, त्या गर्दीत त्यांचा काडीचा उपयोग नाही. एका ताईंनी आपली पिवळी ओढणी फाडून दिली. प्रत्येक बॅगेच्या मुठीला चिंधी, चिंधीवर मार्करने ठसठशीत नाव. एकही बॅग मागे राहिली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

आमचा ड्रायव्हर डिझेलच्या रांगेत अर्धी रात्र उभा राहून पहाटे गाडी घेऊन हजर झाला. ड्रॉप गेटवर सामान उतरवताना त्याने हळूच विचारलं, "साहब, आपको कुछ पता है? होने क्या वाला है?" घर त्याचं तिथे, बायकापोरं तिथे, आणि विचारत होता मला. माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

४ तारखेच्या रात्री खोऱ्यातले फोन आणि इंटरनेट बंद झालं, दुसऱ्या दिवशी काश्मीरला विशेष दर्जा देणारं ३७० कलम हटवण्याची घोषणा झाली. पर्यटकांसाठीची सूचना १० ऑक्टोबरला मागे घेतली, पण तिथले पोस्टपेड मोबाइल सुरू झाले १४ला. पाहुण्यांना 'या' म्हणायचं आणि ज्याच्या भरवशावर त्यांना न्यायचं त्याचा फोनच लागत नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं? ऑफिसला दिवाळीची बुकिंगं हवी होती. त्या ड्रायव्हरचा आवाज ऐकेपर्यंत मी एकही नाव लिहून घेतलं नाही.