थ्रॉटल बॉडीची कूलंट नळी बायपास: आयडल 850 वर येईपर्यंत

गाडी माझी, 1990ची पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-5, 1.6 लिटरचं बी6 इंजिन. आतापर्यंत झालेले बदल: धुराचे चार पाइप एकात आणणारा फोर-टू-वन हेडर, स्टँडअलोन ईसीयू (मूळच्या जागी बसवलेला, हवा तसा भरता येणारा इंजिनचा संगणक), हवा मोजणारा मूळ फ्लॅप मीटर काढून दाब मोजणारा मॅप सेन्सर आणि मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) उघड्या टोकाचा हवेच्या तापमानाचा सेन्सर. पुढचं मोठं काम कूलंट रीरूटचं, म्हणजे कूलंटची वाट बदलण्याचं आहे. त्याची तयारी करताना इंटेकखाली टॉर्च मारली, तर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) खालच्या, तिच्यातून गरम कूलंट फिरवणाऱ्या बोटभर जाडीच्या नळीवर हिरवट-पांढरी खपली दिसली. नळी दाबली तर कडक लागली आणि क्लॅम्पपाशी बारीक चिरा होत्या. नवी नळी टाकायची की थ्रॉटल वगळून ही वाटच बंद करायची, म्हणजे बायपास, हा प्रश्न तिथे सुरू झाला.

बायपासचं नाव काढलं की हवा थंड राहून ताकद वाढते असं हमखास ऐकू येतं. पाना हातात घेण्याआधी मी कागदावर हिशेब मांडला. 6000 आरपीएमला 1.6 लिटरचं इंजिन, सिलिंडर पूर्ण भरतात असं धरलं तर, सेकंदाला 80 लिटर हवा ओढतं. म्हणजे साधारण 90 ग्रॅम. थ्रॉटलचा व्यास 55 मिमीच्या आसपास धरला तर हवेचा वेग सेकंदाला 33 मीटर येतो आणि सात सेंटिमीटरची थ्रॉटल बॉडी ती दोन मिलिसेकंदांत ओलांडते. एवढी हवा एक अंशाने तापवायला 90 वॉट लागतात. त्या लहानशा भिंतीतून एवढ्या वेळात 70-80 वॉटच्या वर उष्णता जाईल असं वाटत नाही. म्हणजे फरक जेमतेम एका अंशाचा. हवा तीन अंश थंड झाली तर घनता एक टक्का वाढते, तेव्हा 116 अश्वशक्तीच्या इंजिनात हा लाभ अर्ध्या अश्वशक्तीच्याही आत राहतो. ताकदीसाठी हे काम करू नका, असं मी मनापासून सांगेन.

मी ते केलं दोन कारणांनी. जुनी नळी जिथे हात पोचत नाही अशा जागी फुटू शकत होती, आणि रीरूटनंतर तो कोपरा मोकळा हवा होता.

नळी तिथे का दिलेली असते, हे मात्र आधी समजून घ्यायला हवं. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन नुसतं फिरत असताना, थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असते आणि मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या एक तृतीयांशापर्यंत उतरतो. फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाजवळ पोचते आणि तेवढ्या जागेत झपाट्याने गार होते. बाहेर थंडी आणि दमट हवा असेल तर पाकळीच्या कडेला बर्फ धरू शकतो, क्रँककेसमधून (इंजिनच्या खालच्या पोटातून) येणारी वाफही तिथेच गोठते. थंड प्रदेशात गाडी रोज चालवणाऱ्यांनी म्हणून ही नळी ठेवावी. माझी गाडी कोरड्या, उबदार दिवसांतच बाहेर पडते.

पहिला दिवस. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. खालच्या प्लगमधून दोनेक लिटर कूलंट काढलं, म्हणजे पातळी थ्रॉटलच्या खाली आली. ते उघड्या भांड्यात ठेवू नका. ग्लायकॉल गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्यानेही दगावतात. सांडलेलं मी लगेच पुसून पाण्याने धुतलं.

नळ्या ओढून निघाल्या नाहीत. कडक झालेलं रबर पक्कडीने पिळलं तर खालची धातूची नळी वाकते, म्हणून लांबीच्या दिशेने ब्लेडने चीर देऊन सोलून काढलं. मग दोन पर्याय होते: इंजिनकडच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या लावायच्या, किंवा दोन्ही टोकं एका नव्या नळीने एकमेकांना जोडायची. मी दुसरा घेतला. टोपीचं रबर वर्षभरात चिरतं आणि बंद टोकात हवा अडकून राहते. जोडलेल्या वाटेने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) बंद असतानाही थोडं पाणी पूर्वीसारखंच फिरत राहतं. नळी ईपीडीएम रबराची, कूलंटसाठी बनवलेलीच घेतली. पेट्रोलची नळी दिसायला तशीच असते, पण तिचं रबर वेगळं असतं, इथे ती वापरू नये. क्लॅम्प स्प्रिंगचे लावले, रबर तापून-निवून आकसलं तरी त्यांची पकड सुटत नाही.

जनरल मोटर्सच्या एलएस1 व्ही8 इंजिनवाल्यांसाठी एक सूचना. त्या इंजिनात थ्रॉटलची नळी सिलिंडर हेडांमधली वाफ बाहेर काढणाऱ्या पाइपाला जोडलेली असते. तिथे थ्रॉटल वगळून पाइप थेट रेडिएटरकडे न्यायचा. टोक बुजवलं तर हेडमध्ये वाफ कोंडते.

संध्याकाळी इंजिन चालू केलं. इंजिन थंड असताना 1600 आरपीएम, ठीक. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी आयडल खाली येईना. मग ते झुलायला लागलं: 1500, 1900, पुन्हा 1500. पाकळी बंद आणि आरपीएम ठरलेल्या मर्यादेच्या वर, म्हणून ईसीयू गाडी उतारावर आहे असं समजून इंधन तोडत होता आणि आरपीएम पडल्यावर पुन्हा देत होता.

कारण थ्रॉटलच्या पोटातच होतं. या गाडीत त्या नळीतलं गरम पाणी आयडलच्या झडपेतून जातं. तिच्यात दोन भाग असतात: ईसीयू चालवतो तो सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप), आणि मेणाची गोळी असलेली झडप. इंजिन थंड असताना मेणाची झडप उघडी राहून जास्तीची हवा देते. पाणी तापलं की मेण फुगतं आणि झडप बंद होते. मी पाणीच काढून घेतलं होतं, म्हणजे त्या झडपेच्या लेखी इंजिन कायमचं थंड. मॅन्युअलमधलं ते पान मी पूर्वी वाचलेलं होतं, तरी कामाच्या वेळी नळीकडे फक्त उष्णता म्हणून पाहिलं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला (पाकळी किती मिटेल ते ठरवणाऱ्या) हात लावून आयडल उतरवायचा मोह होतो. तो टाळा, हवा तिथून येतच नाही.

दुसरा आणि तिसरा दिवस थ्रॉटल बॉडी बाकावर. खालच्या झडपेचे स्क्रू जपानी मापाचे आहेत, नेहमीच्या फिलिप्स टोकाने त्यांची खाच लगेच झिजते. जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणि रात्रभर गंज सोडवणारं तेल, एवढ्यावर ते निघाले. आत काळ्या तेलकट काजळीचा थर होता, तो क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ केला. मेणाच्या झडपेची हवेची वाट बुजवायला नुसतं इपॉक्सी टाकायची हिंमत झाली नाही. तुकडा सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो. भोकाला आटे पाडले, थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा गोंद) लावून बिनडोक्याचा ग्रब स्क्रू बसवला आणि वरून कड ठोकून तो अडवला. सोलेनॉइडची वाट तशीच मोकळी ठेवली, गॅस्केट नवं.

त्यानंतर ईसीयूत आयडलचा तक्ता नव्याने भरला: पाणी जितकं थंड तितका सोलेनॉइड जास्त उघडा. यासाठी तीन सकाळी लागल्या, कारण थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. आता सुरू झाल्यावर 1150 आणि पूर्ण तापल्यावर 850, हेडलाइट आणि पंखा लागला तरी. मूळ ईसीयू असणाऱ्यांना हा तक्ता बदलता येणार नाही. त्यांनी नळी नवी टाकून मेणाची झडप जशीच्या तशी ठेवावी, हे माझं स्पष्ट मत.

कूलंट भरताना गाडीचं नाक वर उचललं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत नरसाळं झाकणावरच राहू दिलं.

मोजमाप: चालत्या गाडीत मॅनिफोल्डच्या सेन्सरवर आधी आणि नंतर सांगण्यासारखा फरक नाही. दहा मिनिटं उभ्या गाडीत थ्रॉटल बॉडीचा पृष्ठभाग पूर्वी 80 अंशांच्या जवळ जायचा, आता 60च्या आत राहतो. उरलेली उष्णता मॅनिफोल्डमधून येते.

पुढचं काम रीरूट. हे इंजिन मुळात आडवं बसवण्यासाठी बनलेलं, तिथे पाणी इंजिनच्या एका टोकाने आत येऊन गरम झाल्यावर हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर जायचं. एमएक्स-5 मध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवताना बाहेरची वाटही पुढेच आली, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरला थंडावा कमी मिळतो. थर्मोस्टॅट हेडच्या मागे न्यायचा आहे. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) आणि हेडमधली जागा कालच मोजली, नळीचं वळण बसेल असं दिसतंय.