काटा कुणाला टोचतो?

भाची साडेतीन वर्षांची असताना एकदा मी तिला भिंतीवरचे घड्याळ दाखवत होते. मोठा काटा बारावर आला की आपण खेळायला जाऊ, असे मी म्हटल्यावर ती थोडा वेळ वर पाहत राहिली आणि मग तिने विचारले, "मावशी, तो काटा कुणाला टोचतो?" काटा म्हणजे झाडाचा, हे तिला बोटात एकदा काटा रुतल्यामुळे पक्के ठाऊक होते. तेव्हा मी हसले. पुढे मात्र वाटत राहिले की तिचे काही चुकलेच नव्हते. शब्द ओळखीचा आणि वस्तू अनोळखी असताना जुन्या अर्थातले नेमके काय या नव्या वस्तूला लागू पडते, एवढेच ती तपासून पाहत होती.

परस्परांशी नाते असलेले अनेक अर्थ एकाच शब्दाला असणे, यासाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाभ्यासकाने १८९७ साली 'पॉलिसेमी' ही संज्ञा वापरली. मराठीत तिला अनेकार्थता म्हणता येईल. सरकारला भरायचा 'कर' आणि 'अभ्यास कर' मधला 'कर' यांचा उच्चार केवळ योगायोगाने सारखा आहे, पण झाडाचा, माशाचा, तराजूचा आणि घड्याळाचा काटा यांना अणकुचीदार, निमुळत्या आकाराचा धागा जोडतो. ही सीमारेषा वाटते तितकी स्पष्ट नसते, हेही खरे. डोके जिच्यावर असते ती 'मान' संस्कृत 'मन्या'पासून आली आणि आदर या अर्थाचा 'मान' वेगळाच. तरीही आदराने मान लवते म्हणून दोन्ही एकच, असे अनेक सुशिक्षित प्रौढांनाही वाटते. नाते व्युत्पत्तीत नसले तरी बोलणाऱ्याच्या मनात तयार होऊ शकते.

आपल्याकडच्या शब्दशक्तीच्या, म्हणजे शब्दातून अर्थ कसा निघतो याच्या, चर्चेत 'गङ्गायां घोषः' (गंगेवर गवळ्यांची वस्ती) हे उदाहरण नेहमी येते. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणजे मुख्य अर्थाला बाध येतो, आणि मग प्रवाहाशी संबंध असलेला काठ हा अर्थ घ्यावा लागतो. भाचीच्या प्रश्नात मला त्यातली पहिली पायरी दिसते: टोचणे हा तिच्या दृष्टीने काट्याचा मुख्य गुण, आणि तो इथे जुळेना, म्हणून ती अडली.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो मला वजनदार वाटतो. मूल अर्थांमधले नाते ओळखते कशावरून? 'पडणे' हे क्रियापद पाहा. पाऊस पडतो, ऊन पडते, उजेड पडतो, स्वप्न पडते, प्रश्न पडतो, आणि खेळताना मूल स्वतःही पडते. 'मला स्वप्न पडलं' असे सहज म्हणणाऱ्या चिमुरड्याने तो संपूर्ण शब्दप्रयोग जसाच्या तसा ऐकून उचललेला असेल आणि जिन्यावरून पडण्याशी त्याचा संबंध मनात कधी आणलाही नसेल. म्हणजे निव्वळ बरोबर वापरावरून काहीच सिद्ध होत नाही.

म्हणूनच महेश श्रीनिवासन आणि जेसी स्नेडेकर यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. 'पुस्तक फाटले' यात पुस्तक ही वस्तू असते, तर 'पुस्तक कळले नाही' यात तिच्यातला मजकूर. चार वर्षांच्या मुलांना अशा शब्दाच्या एका अर्थासाठी नवे, बनावट नाव शिकवले, तर ते नाव दुसऱ्या संबंधित अर्थालाही चालेल, असे ती धरून चालली. उच्चार तेवढा सारखा असलेल्या शब्दांच्या बाबतीत मात्र त्यांनी तसे केले नाही. बनावट नाव मुलांनी आधी कधी ऐकलेले नसल्यामुळे पाठांतराचा प्रश्न उरत नाही.

अर्थात सगळीच नाती इतक्या लवकर उलगडत नाहीत. सॉलोमन अ‍ॅश आणि हॅरिएट नर्लव्ह यांनी १९६० साली तीन ते बारा वर्षांच्या मुलांना गोड, कठीण, थंड, खोल अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांविषयी विचारले. लहान मुलांना हे शब्द वस्तूंपुरतेच मान्य होते. माणूसही 'कठीण' असू शकतो, ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. त्याहून मोठी मुले स्वभावाविषयीचा अर्थ जाणत होती, पण दोन्ही अर्थांचा एकमेकांशी संबंध आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि तो संबंध शब्दांत मांडणे बहुतेकांना दहा-अकराच्या पुढेच जमले. आकार डोळ्यांना दिसतो, वस्तू आणि तिच्यातला मजकूर सतत बरोबर असतात. दगडाचा कठीणपणा आणि माणसाचा कठोरपणा यांच्यातले साम्य मात्र कुठेही बोट ठेवून दाखवता येत नाही.

भाची आता पाच वर्षांची आहे. परवा गोष्ट सांगताना 'अंगावर काटा आला' असे मी म्हणून गेले. तिने माझा हात ओढून घेतला, उभ्या राहिलेल्या केसांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, "आहे गं, पण मऊ आहे."