चंद्रीच्या पायाचे दोन एक्स-रे

चंद्री आमची एचएफ (होल्स्टीन) जातीची गाय, दोन्ही वेळचं मिळून चौदा लिटर देणारी. ऐन श्रावणात मागचा उजवा पाय टेकवेना. खुराच्या दोन नख्यांपैकी बाहेरच्या नखीत रुतलेला खिळा मीच पकडीनं उपसला, मोरचुदाची पूड दाबून भरली, पट्टी बांधली. पाचव्या दिवशी खुराच्या वर, जिथं केस सुरू होतात तिथं, टम्म सूज. दूध सहावर. गावचे डॉक्टर म्हणाले, "सांध्यात पू गेलाय का, बाहेरून कळायचं नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात न्या."

पिकअपमध्ये चढवायलाच चौघे लागले.

वाटलं, गेल्या गेल्या फोटो काढतील. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी खूर घासायला लावला. "काका, काय भरलंय यात?" मोरचूद, म्हटलं. "म्हणजे तांबंच की. फोटोत पांढरं दिसतं, मागचं हाड झाकून टाकतं." अडकलेला खडाही तसाच फसवतो म्हणे. अर्धा तास माझंच औषध मी ब्रशनं खरवडत होतो. मग शिशाचा एप्रन घालून कासरा धरला. खांदे भरून आले. एक फोटो समोरून काढला. दुसऱ्याला दोन नख्यांच्या फटीत छोटी प्लेट सरकवली, म्हणजे शेजारच्या नखीची सावली मध्ये येत नाही.

हाड स्वच्छ निघालं. मी घरी फोन लावायला निघालो, तर मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात खूश होऊ नका. एक्स-रेत जंतू दिसत नाहीत, त्यांनी खाल्लेलं हाड दिसतं, आणि तेही दहा-पंधरा दिवसांनी." सुई घालून सांध्यातलं पाणी का नाही काढत, विचारलं. तर सुजेतून सुई गेली की चांगल्या सांध्यातही घाण जायची भीती. सूज न उतरल्यास परत आणा, म्हणाल्या. खरं सांगतो, मला वाटलं उगाच फेरी वाढवतायत.

सोळाव्या दिवशी परत तिथंच. या वेळी मलासुद्धा कळलं: शेवटच्या दोन हाडांमधली फट रुंदावलेली आणि कडा कसर लागलेल्या कापडासारख्या. आता सुई घातली तर पूच आला.

नखी काढावी लागली. वर आवळपट्टी, खालच्या शिरेत भुलीचं इंजेक्शन, आणि तारेच्या करवतीनं काही मिनिटांत काम. गाय उभ्यानं रवंथ करत होती, घाम मला फुटला होता. ॲन्टिबायोटिक चालू होतं तोवर, आणि नंतर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस, दूध डेअरीला घातलं नाही. तो फटका वेगळाच.

चंद्री आता त्या पायानं एकाच नखीवर चालते. वळताना जरा थांबते, मग पाय टाकते. दूध अकरावर आलंय.